कैफियत आणि वही

घराण्याचें मूळ शोधण्यासाठीं आम्ही मोडीच्या तुटपुंज्या ज्ञानावर पुण्याच्या पेशवे दफ्तरांत शिरलों. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनला चौकशीचा अधिकार मिळाला, तेव्हां इनामदारांनीं कैफियती व वंशावळी पुढें केल्या. त्यांत आमच्या पूर्वजांचीही सांपडली. अक्षर वळणदार, वंश अखंड, बापामागून औरस मुलगा! आम्ही हरखून गेलों.

पुढें नाशिकास तीर्थोपाध्यायांनीं जुनी वही उघडली. तींत त्याच पूर्वजाचा स्वहस्ताचा लेख : आईच्या अस्थि घेऊन आलों, आणि खालीं जन्मदाते व दत्तक घेणारे अशा दोन्ही मातापित्यांचीं नांवें. सरकारांत औरस म्हणविणारा गृहस्थ गोदातीरीं दत्तक निघाला!

त्याला लबाड म्हणवत नाहीं. दत्तक नामंजूर करून साताऱ्याचें राज्य १८४८ सालीं खालसा झालेलें त्यानें ऐकलें असणारच; मग दोन शेतांच्या इनामाची काय कथा? कैफियत पोटासाठीं लिहिलेली, वही पितरांसाठीं.

घरीं हें सांगितलें तेव्हां वडील मंडळी दोन दिवस आमच्याशीं धड बोललीं नाहींत. तरीही नव्या वंशावळींत आम्हीं त्याच्या जन्मदात्या मातेचें नांव घातलें. कैफियतींत तें कोठेंच नव्हतें.