बियाणे उगवले नाही, कुकर फुटला, फवारणीत विषबाधा झाली. सदोष मालाची जबाबदारी कोणाची? जाणून घ्या कायदा

पाऊस वेळेवर झाला, पेरणीही झाली, पण बियाणे काही उगवले नाही. नवा कोरा कुकर पहिल्याच महिन्यात फुटला आणि घरातली बाई भाजली. नवीन मोटारीने दोन दिवसांत विहिरीवरच मान टाकली. अशा वेळी दुकानदार सांगतो, "माल कंपनीचा आहे, कंपनीशी बोला." कंपनीचा माणूस म्हणतो, "तुमची वापरायची पद्धत चुकली." या टोलवाटोलवीत हंगाम निघून जातो आणि गिऱ्हाईक नशिबाला दोष देत गप्प बसते.

कायदा मात्र गप्प नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'उत्पादन दायित्व' नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष मालामुळे कुणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर कंपनी, विक्रेता आणि दुरुस्ती किंवा जोडणीची सेवा देणारा यांपैकी कोण कधी जबाबदार धरला जातो, हे कलम ८२ ते ८७ मध्ये लिहिलेले आहे.

कंपनी कधी जबाबदार?

कलम ८४ नुसार माल बनवणारी कंपनी पुढील पाच कारणांनी जबाबदार ठरते.

१) माल बनवतानाच दोष राहिला. उदा. कुकरच्या झाकणाचे ओतकाम कच्चे निघाले.

२) मालाची रचनाच चुकीची आहे. म्हणजे एकच नग नव्हे, तर त्या प्रकारचा सगळाच माल धोक्याचा.

३) ठरवून दिलेल्या मापदंडाप्रमाणे माल बनवला नाही.

४) कंपनीने जी हमी दिली, तिच्याप्रमाणे माल निघाला नाही. इथे "आमच्याकडून हयगय झाली नव्हती" किंवा "आमचा फसवायचा हेतू नव्हता" हा बचाव चालत नाही. हमी दिली म्हणजे दिली.

५) माल नीट कसा वापरायचा याची पुरेशी माहिती दिली नाही, किंवा चुकीच्या वापराने काय धोका होतो याचा इशारा दिला नाही.

पाचवा मुद्दा शेतकऱ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्यातील दोन मृतांच्या पत्नी आणि वाचलेला एक शेतकरी यांनी २०२० मध्ये थेट स्वित्झर्लंडमधील बासेल येथे तिथल्या एका कीटकनाशक कंपनीविरुद्ध भरपाईचा दावा दाखल केला. कंपनीने जबाबदारी नाकारली. पण औषधाच्या धोक्याचा इशारा फवारणाऱ्या माणसापर्यंत, त्याला कळेल अशा रीतीने पोहोचला होता का, हा प्रश्न त्यामुळे जगासमोर आला. आपल्याकडे कीटकनाशकाच्या डब्यावर हिरवा, निळा, पिवळा, लाल असे त्रिकोण असतात. लाल म्हणजे सगळ्यात जहाल विष. डब्यासोबत माहितीपत्रकही द्यावे लागते. ते मिळाले नसेल तर दुकानातच मागून घ्यावे.

दुकानदार सुटतो का?

दुकानदाराने फक्त सीलबंद माल जसाच्या तसा विकला असेल, तर दोषाचा मुख्य भार कंपनीवर येतो. मात्र कलम ८६ नुसार पुढील प्रसंगी विक्रेताही सापडतो:

- मालाची रचना, तपासणी, पॅकिंग किंवा लेबल यावर त्याचे बऱ्यापैकी नियंत्रण होते.
- त्याने मालात फेरफार केला आणि त्यानेच नुकसान झाले.
- कंपनीच्या हमीशिवाय त्याने स्वतःची वेगळी हमी दिली आणि ती खोटी ठरली.
- माल कोणत्या कंपनीचा हे कळतच नाही, किंवा कंपनीला नोटीस बजावता येत नाही.
- माल जोडताना, तपासताना, सांभाळताना त्याने काळजी घेतली नाही, किंवा कंपनीने दिलेला इशारा गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवला नाही.

म्हणून तक्रार करताना कंपनी आणि दुकानदार या दोघांनाही सामनेवाले करावे. कोणाची किती जबाबदारी, हे आयोग ठरवतो.

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी पाहून घाबरायचे कारण नाही. सदोष माल ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे याला कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा म्हटले आहे. बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे.

भरपाई कशाची मिळते, कशाची नाही?

उत्पादन दायित्वाखाली 'हानी' म्हणजे शारीरिक इजा, आजार, मृत्यू, त्या मालाशिवाय इतर मालमत्तेचे नुकसान आणि त्यातून झालेला मानसिक त्रास. कुकर फुटून हात भाजला, ओटा फुटला, तर ही हानी झाली. पण खुद्द कुकरची किंमत या प्रकरणात धरलेली नाही. व्यापारी किंवा निव्वळ आर्थिक तोटाही यातून वगळला आहे.

याचा अर्थ कुकरचे पैसे बुडाले असा नाही. त्यासाठी 'वस्तूतील दोष' हा जुना आणि नेहमीचा मार्ग आहे. कलम ३९ प्रमाणे आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, किंमत परत करायला आणि नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो. बियाण्याच्या तक्रारी आजवर प्रामुख्याने याच मार्गाने चालल्या आहेत. त्यामुळे पिकाच्या नुकसानीची तक्रार लिहिताना केवळ 'उत्पादन दायित्व' एवढेच लिहून थांबू नये. बियाण्यातला दोष आणि त्यामुळे झालेले नुकसान या आधारावर मागणी स्पष्ट लिहावी.

शेतकरी ग्राहक आहे का? होय

कंपन्या पूर्वी असा मुद्दा काढत, की शेतकरी पीक विकून पैसे कमावतो, म्हणजे तो धंदा झाला आणि बियाण्यासाठी तर वेगळा कायदा आहेच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या आंध्र प्रदेशातील प्रकरणात हे म्हणणे फेटाळले. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि बियाणे कायदा, १९६६ असला तरी त्याला ग्राहक मंचात दाद मागता येते, असा हा निकाल आहे.

या निकालातील दुसरा मुद्दा तितकाच कामाचा आहे. "बियाणे प्रयोगशाळेत तपासलेच नाही, मग दोष कसा सिद्ध झाला?" असे कंपनी विचारते. शेतकरी आणलेले सगळे बियाणे पेरतो, तपासणीसाठी नमुना बाजूला ठेवावा हे त्याला कोणी सांगितलेलेही नसते, हे वास्तव न्यायालयाने ध्यानात घेतले. कृषी तज्ज्ञांनी शेतात जाऊन केलेल्या पाहणीचा अहवाल पुरावा म्हणून ग्राह्य धरला.

स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेले यंत्र, म्हणजे शिवणयंत्र, घरगुती पिठाची गिरणी, स्वतःच्या शेतासाठीचे मळणीयंत्र, यालाही कायद्याचे संरक्षण आहे. मात्र पुन्हा विकण्यासाठी किंवा मोठ्या धंद्यासाठी माल घेणारा 'ग्राहक' ठरत नाही.

बियाणे उगवले नाही तर पहिले काय करायचे?

२०२० च्या खरिपात राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. तेव्हा दुबार पेरणीची घाई अनेकांना होती, आणि ते साहजिकच आहे. पण शेत मोडले की पुरावाही गेला. म्हणून क्रम असा ठेवावा:

- तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे तातडीने लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगून उपयोग नाही.
- तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडून शेतावर पाहणी व पंचनामा होतो. त्या वेळी शेतकऱ्याने स्वतः हजर राहावे, प्रत मागून घ्यावी.
- मोबाइलवर तारखेसह फोटो, व्हिडिओ काढून ठेवावेत. शेजारच्या शेतात त्याच पावसावर दुसरे बियाणे उगवले असेल तर त्याचाही फोटो काढावा. "पाऊसच नव्हता" या बचावाला तोच जबाब आहे.
- पावती, पिशवी आणि पिशवीवरचा टॅग जपून ठेवावा. लॉट नंबर, तपासणीची तारीख, वैधतेची मुदत सगळे त्यावरच असते. मूठभर बियाणेही पिशवीत ठेवावे.

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के हवी, असे मानक आहे. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून घरीच मोजता येतात. त्यातले ७० उगवले नाहीत, तर पिशवी दुकानात परत नेलेली बरी.

कापसाच्या बियाण्यासाठी महाराष्ट्रात २००९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यातही भरपाईची तरतूद आहे. पण चोरून, बिलाशिवाय विकल्या जाणाऱ्या तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी बियाण्याला देशात परवानगीच नाही. ते घेणाऱ्याच्या हातात पावती नसते, कंपनीचा पत्ता नसतो. दाद मागायची तर कोणाविरुद्ध, इथपासूनच अडचण सुरू होते.

एक गैरसमजही दूर व्हायला हवा. बियाणे, खते, कीटकनाशके यांच्या कायद्यांखाली कृषी विभाग नमुने घेतो, परवाना निलंबित करतो, खटला भरतो. ती कारवाई झाली म्हणून शेतकऱ्याच्या खात्यात पैसे आपोआप येत नाहीत. भरपाईसाठी वेगळी तक्रार करावीच लागते.

तक्रार कुठे, किती खर्च?

जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग असतो. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच होते. ५ लाखांपर्यंत फी नाही. ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये, १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आणि २० ते ५० लाखांसाठी १,००० रुपये फी आहे. कंपनी हैदराबादची असो की दिल्लीची, ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील देण्याची सक्ती नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते.

नुकसान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. उशीर झाला तर सबळ कारण द्यावे लागते. प्रयोगशाळेत तपासणी हवी असेल तर आयोग नमुना सील करून पाठवतो. त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागू शकते. कायद्यात निकालासाठी तीन महिने आणि तपासणी लागल्यास पाच महिने अशी मुदत आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, त्यामुळे कागदपत्रे पहिल्या दिवसापासून एका फायलीत ठेवलेली बरी.

निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. ज्याला पैसे द्यायचा आदेश झाला आहे, त्याला अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षे कैद, किमान २५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कंपनी कधी सुटते?

कायदा एकतर्फी नाही. मालाचा गैरवापर केला किंवा त्यात परस्पर बदल केला, तर विक्रेत्यावर दावा टिकत नाही. जो धोका सगळ्यांनाच ठाऊक आहे, त्याचा इशारा दिला नाही म्हणून कंपनी दोषी ठरत नाही. दारूच्या नशेत माल वापरला, किंवा वस्तू फक्त तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायची असून कंपनीने त्या तज्ज्ञाला इशारा व सूचना दिल्या होत्या, तरीही इशाऱ्याच्या मुद्द्यावर कंपनी सुटू शकते. म्हणूनच कुकरला भलतीच शिट्टी लावणे किंवा दोन-तीन औषधे मनाने एकत्र करून फवारणे यात जीवाला धोका तर असतोच, शिवाय पुढे भरपाईचा दावाही कमकुवत होतो.

हे लक्षात ठेवा

- पक्के बिल घ्या. त्यावर लॉट नंबर किंवा मशीनचा नंबर लिहून घ्या.
- कुकर, हेल्मेट, गॅस शेगडी घेताना आयएसआय चिन्ह पाहा. त्याखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो.
- अपघात झाला तर फुटलेली वस्तू फेकू नका, दुरुस्तीलाही देऊ नका. तोच मुख्य पुरावा आहे. दवाखान्याचे कागद आणि पोलीस पंचनामा सोबत ठेवा.
- गॅस सिलिंडरचा स्फोट झाला असेल तर वितरकाला लगेच लेखी कळवा. तेल कंपन्यांचा अपघात विमा असतो, त्याचा दावा वेगळा करता येतो.
- आधी कंपनी आणि दुकानदाराला पोस्टाने लेखी नोटीस पाठवा. अनेक प्रकरणे तिथेच मिटतात.
- सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.