म्युनिक महापालिकेचा धडा

मुक्त संगणक-प्रणाली सामान्य माणसाला पेलेल काय, हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा मताग्रहातच अडकते. आम्हांस वाटते, उत्तर इतिहासात शोधावे. आणि तो इतिहास जर्मनीतील म्युनिक महापालिकेने घडवून ठेवला आहे.

महापालिकेच्या सुमारे १४,००० संगणकांवर ‘विंडोज एनटी ४’ ही प्रणाली होती. निर्मात्या कंपनीचे तिला असलेले पाठबळ संपत आल्याने नवी निवड करणे भाग पडले. लिनक्सचा विचार होत आहे असे कळताच मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर महापौर ख्रिस्तियान उडे यांना भेटण्यास जातीने आले. तरीही मे २००३ मध्ये नगरसभेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला. प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. एकाच विक्रेत्याच्या मर्जीवर शहराचा कारभार चालू नये, ही भूमिका त्यामागे होती.

प्रत्यक्ष स्थलांतर २००६ मध्ये सुरू झाले आणि २०१३ अखेर सुमारे १५,००० संगणकांवर ‘लिमक्स’ नावाने स्थिरावले. इतकी वर्षे लागली, कारण प्रत्येक खात्याची संगणक-व्यवस्था निराळी, पत्रांचे नमुने निराळे. त्या नमुन्यांसाठी ‘वोलमक्स’ हे साधन मुद्दाम घडवावे लागले. बाहेरून येणाऱ्या दस्तऐवजांची मांडणी विस्कटे, ती तक्रार मात्र शेवटपर्यंत राहिली.

आमची उमेद सरकारी नोकरीत गेली. कचेरीतला माणूस प्रणाली वापरीत नाही. तो पत्र, तक्ता आणि प्रिंटर वापरतो. आमच्या काळी एका फाँटात टंकलेले मराठी टिपण दुसऱ्या खात्यात निरर्थक चिन्हे होऊन पोहोचे, आणि प्रणाली तर दोन्हीकडे विकतचीच! युनिकोडचे सामाईक मानक रुजले, तेव्हा कुठे ती पीडा ओसरली.

पुढे २०१४ मध्ये डीटर रायटर महापौर झाले आणि २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतण्याचे ठरविले. २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने मुक्त प्रणालींना पुन्हा प्राधान्य जाहीर केले. यात लिनक्सचा जय वा पराजय शोधणे व्यर्थ होय. सामान्य वापरकर्त्यास दोन गोष्टी लागतात: त्याचा कागद पलीकडे जसाच्या तसा उघडावा, आणि अडल्यावेळी जाणता माणूस जवळ असावा. त्यांची तजवीज असेल तेथे मुक्त प्रणाली खुशाल चालते; नसेल तेथे विकतचीही अडते.