नव्या कामाचा पगार मालक देईना? मग हे करा

जुना जालना : स्टील कारखान्यात, बियाणे कंपनीत किंवा दुकानात नवीन कामाला लागलात आणि पगार अडकला, तर गप्प बसू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावाच लागतो. काम सोडलं किंवा काढून टाकलं, तर कामाच्या २ दिवसांत हिशोब. ठेकेदार देईना, तर जबाबदारी कंपनीची.

नेमणूकपत्र नाही? हजेरी, गेटपास, व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा. आधी लेखी मागणी करा, पोच घ्या. मग सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. दाव्याची मुदत ३ वर्षं. पगार दिला, हे सिद्ध करायचं काम मालकाचं. औद्योगिक कामगारांना आणि महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, हेल्पलाइन १५१००.