दोन विजय आणि एक सरासरी

८ नोव्हेंबर २०२१ रोजी सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या सामन्यात विदर्भाच्या अक्षय कर्णेवारने मणिपूरविरुद्ध चार षटके टाकली. चारही निर्धाव, बळी दोन. वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या वाट्याला चारच षटके येतात. तेव्हा याहून कमी धावा देणे कोणालाही शक्य नाही. दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा हा खेळाडू आमच्याच यवतमाळ जिल्ह्याचा असल्यामुळे प्राध्यापक-कक्षात त्या दिवशी चहा जरा जास्तच झाला. आनंद ओसरल्यावर एका सहकाऱ्याने विचारले, "पण समोर कोण होते?" प्रश्न थोडा अरसिक होता, पण टाळता येण्यासारखा नव्हता. विदर्भाच्या २२२ धावांपुढे मणिपूरचा संघ ५५ धावांत आटोपला होता. पुढे आठवड्याभरातच कॅनडाच्या साद बिन जफरने असाच शून्य धावांचा पराक्रम पनामाविरुद्ध केला, आणि जून २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या लॉकी फर्ग्युसनने विश्वचषकात तीन बळींसह तो पापुआ न्यू गिनीविरुद्ध केला. तिघांच्याही समोर क्रिकेटमध्ये नवखे असलेले संघ होते. म्हणून कर्णेवारच्या आकड्याचे मोल कमी होते असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. शून्य हे शून्यच आहे. फक्त ते एकट्याने वाचता येत नाही.

हा लेख वस्तुतः त्या चहाच्या वेळी निघालेल्या दुसऱ्याच वादाविषयी आहे. 'तुलना करा' हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना घालत आलो आहोत. दोन कवी, दोन कादंबऱ्या, दोन कालखंड. तो प्रश्न स्वतःला घालण्याची वेळ आली तेव्हा आमच्यात उभी फूट पडली. विषय होता विजय मर्चंट आणि विजय हजारे.

मुंबईचे मर्चंट १९११ सालचे, सांगलीचे हजारे १९१५ सालचे. कसोटी सामन्यांत मर्चंट यांची सरासरी ४७.७२, हजारे यांची ४७.६५. अंतर सात शतांशांचे. दोन विद्यार्थ्यांच्या गुणांत एवढेच अंतर असते, तर आम्ही दोघांनाही पहिले आणले असते. परंतु प्रथम श्रेणीच्या सामन्यांत मर्चंट ७१.६४ आणि हजारे ५८.३८. येथे तेरा धावांची दरी आहे. दीर्घ कारकीर्दीच्या फलंदाजांत मर्चंट यांच्या पुढे जगात एकटे ब्रॅडमन आहेत. रणजी स्पर्धेत तर मर्चंट यांची सरासरी ९८.७५ आहे. मग एकाच दोन माणसांविषयी एक आकडा 'बरोबरी' म्हणतो आणि दुसरा 'तुलनाच नको' म्हणतो, हे कसे?

सरासरी हा अपूर्णांक आहे. अंशात धावा असतात, छेदात फलंदाज किती वेळा बाद झाला ती संख्या. नाबाद डाव छेदात धरले जात नाहीत. मर्चंट यांच्या ८५९ कसोटी धावा अठरा डावांतल्या, आणि त्या अठराही डावांत ते बाद झाले. हजारे यांच्या २१९२ धावा बावन्न डावांतल्या; त्यांपैकी सहा वेळा ते नाबाद राहिले, म्हणून भागायचे ते सेहेचाळीसने. बावन्नने भागले, तर त्यांची सरासरी ४२.१५ वर येते आणि मर्चंट यांच्या बाजूने बोलणाऱ्या आमच्या मित्रांचे चेहरे खुलतात. (गंमत अशी की प्रथम श्रेणीत दोघांचेही नाबाद डाव सेहेचाळीसच आहेत. तेथे हा युक्तिवाद कोणाच्याच कामी येत नाही.)

पण आम्हांला खरा इतिहास दिसतो तो छेदाच्या लहानमोठेपणात. १९३३ ते १९५१ या अठरा वर्षांत मर्चंट दहाच कसोटी खेळले, आणि त्या दहाही इंग्लंडविरुद्ध. ऑगस्ट १९३६ ते जून १९४६ या काळात भारताच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही. त्यातली बहुतेक वर्षे महायुद्धाने खाल्ली. चोविसाव्या वर्षी थांबलेला हा फलंदाज चौतिसाव्या वर्षी पुन्हा कसोटीला उभा राहिला. हजारे यांची तर पहिली कसोटीच एकतिसाव्या वर्षी. फलंदाजाच्या उमेदीची जी वर्षे, ती दोघांच्याही कसोटी-सरासरीत नाहीत. जी आहेत ती मुंबईच्या मैदानांवरच्या देशी सामन्यांत आहेत, आणि त्या सामन्यांची गोष्ट वेगळी आहे.

डिसेंबर १९४३. पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना. संघ धर्माप्रमाणे पाडलेले: हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपीय, आणि यांपैकी कोणत्याही खान्यात न बसणाऱ्यांचा 'रेस्ट'. हजारे ख्रिस्ती होते, म्हणून ते या उरलेल्यांत. मर्चंट हिंदू संघाकडून नाबाद २५० धावा करतात. संघाची धावसंख्या ५ बाद ५८१. रेस्टचा पहिला डाव १३३ वर संपतो, त्यातल्या ५९ हजारे यांच्या. फॉलोऑन मिळाल्यावर दुसऱ्या डावात रेस्टच्या ३८७ धावा होतात आणि त्यांतल्या ३०९ एकट्या हजारे यांच्या. सहाव्या गड्यासाठी त्यांनी धाकटे बंधू विवेक यांच्यासोबत ३०० धावा जोडल्या. त्या तीनशेत विवेक यांच्या होत्या एकवीस. सामना हिंदू संघाने एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध रणजी सामन्यात नाबाद ३५९ केल्या. एका विजयाने विक्रम करावा, दुसऱ्याने तो ओलांडावा, असा तो हंगाम होता.

सरासरीच्या हिशेबात त्या ३०९ धावांना ३०९ एवढीच किंमत आहे. दुसऱ्या टोकाला कोणी टिकत नव्हते, हे अपूर्णांकाला कळत नाही. आणि टिकत का नव्हते, याचे उत्तर तर क्रिकेटमध्येही नाही. ते संघ पाडण्याच्या पद्धतीत आहे. माणसाच्या धर्माने त्याचे साथीदार ठरवले आणि साथीदारांच्या दुबळेपणाने त्याच्या डावाला तो एकाकी आकार दिला. ही स्पर्धा १९४६ नंतर पुन्हा झाली नाही. तिचे आकडे मात्र दोघांच्याही प्रथम श्रेणीच्या सरासरीत निमूटपणे मिसळून गेले आहेत.

मर्चंट यांच्या धावा सपाट देशी खेळपट्ट्यांवरच्या, असा आक्षेप आमच्यापैकी एकाने घेतला. तो टिकला नाही. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात, पावसाळी हवेत, उघड्या खेळपट्ट्यांवर त्यांनी प्रथम श्रेणीच्या २३८५ धावा ७४.५३ च्या सरासरीने काढल्या. घरी मऊ आणि बाहेर कच्चा, असा हा फलंदाज नव्हे. परंतु १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर प्रकृतीमुळे ते गेले नाहीत. हजारे गेले. ॲडलेडला लिंडवॉल आणि मिलर यांच्यासमोर त्यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ केल्या. भारत तरीही एका डावाने हरला. मर्चंट असते तर काय झाले असते, या प्रश्नाला आकडा नाही. आम्ही तो प्रश्न दोन चहांपर्यंत लांबवला, हेही खरे.

आकडा माणसाला कसा चिकटतो, याचे आणखी एक उदाहरण येथे आठवते. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ या तेव्हाच्या विश्वविक्रमाला नऊ धावा कमी असताना काठियावाडने सामना सोडून दिला. निंबाळकरांना एकही कसोटी मिळाली नाही. त्यांच्या नावासमोर कसोटीची सरासरी नाही, आणि ही रिकामी जागा भागाकार चुकल्यामुळे आलेली नाही.

मतदान घेतलेच, तर आमच्यातले बहुमत हजारे यांच्या बाजूचे आहे. पडत्या संघात उभे राहण्याला आम्ही अधिक गुण देतो. हा निकष आमचा, गणिताचा नव्हे, हे कबूल. मर्चंट यांच्या बाजूचे आमचे सहकारी म्हणतात की हा साहित्याच्या मास्तरांचा नेहमीचा दोष आहे, यांना शोकांतिकाच आवडते. त्यात तथ्य असावे.

नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत हे दोघे एकत्र उभे राहिले. कर्णधार हजारे. तिसऱ्या गड्यासाठी दोघांनी २११ धावा जोडल्या. चाळीस वर्षांचे मर्चंट १५४ वर बाद झाले. कसोटीत भारतीयाने केलेली ती तोवरची सर्वोच्च खेळी होती. ती त्याच डावात मागे पडली, कारण हजारे नाबाद १६४ वर पोचले. त्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांच्या खांद्याला दुखापत झाली आणि ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत.