मधुमेहातील पायाची न भरणारी जखम आणि पीआरपी उपचार

पीआरपी म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून वेगळा केलेला, प्लेटलेट्स भरपूर असलेला द्रव. तो जेलच्या रूपात जखमेवर लावतात किंवा जखमेच्या कडेने टोचतात. प्लेटलेट्समधून स्रवणारे घटक नव्या पेशी व रक्तवाहिन्या तयार व्हायला मदत करतात.

नेहमीच्या उपचारांनी 4 आठवड्यांत जखम निम्म्यानेही लहान झाली नाही, तर डॉक्टर अशा पूरक उपचाराचा विचार करू शकतात. त्याआधी पायाचा रक्तपुरवठा तपासणे, मृत भाग काढणे आणि जंतुसंसर्ग आटोक्यात आणणे आवश्यक असते. साखर नियंत्रणात नसेल किंवा जखमेवर भार देऊन चालणे सुरूच असेल, तर पीआरपीचा फारसा उपयोग होत नाही.

जखम काळी पडली, दुर्गंधी किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.