हुबळीची मैना

हुबळीजवळच्या अदरगुंचीत 1914 साली जन्मलेली राजम्मा ही कानडी मुलगी. नाटकातून ती सिनेमात गेली आणि शांता हुबळीकर झाली. 1939 साली व्ही. शांताराम यांच्या ‘माणूस’मध्ये शांताबाईंनी मैना साकारली. मास्तर कृष्णरावांच्या चालीवरचं, अनेक भाषांतून फिरणारं तिचं गाणं त्या स्वतःच गायल्या. 1942 साली गुब्बी वीरण्णांच्या ‘जीवन नाटक’ या कानडी बोलपटातही त्या होत्या. 1992 साली त्या गेल्या.

आमच्या घरी आजी कानडीत रागवायची, मराठीत समजूत घालायची. म्हणून शांताबाई कानडी की मराठी, हा वाद मला पटत नाही. आडनाव म्हणून त्यांनी गाव लावलं, भाषा नव्हे. आपल्या मुलांना एवढं सांगितलं तरी पुरे.