मांजरीवरचा खटला

पाखरांचा वैरी कोण, असं कुठल्याही गावात विचारा, बाया एका सुरात सांगतील: बोका! मग आज आपण मांजरजातीवरच खटला चालवू. कोंबडीची पिल्लं गमावलेल्या सगळ्या जणी साक्षीदार आहेतच.

पहिला गुन्हा न्यूझीलंडमधला. तिथं माणूस पोचायच्या आधी वटवाघळं सोडली तर जमिनीवर फिरणारं एकही सस्तन जनावर नव्हतं. कुत्रं नाही, मुंगूस नाही, उंदीरसुद्धा नाही. सासुरवास नसलेल्या सुनेसारखी तिथली पाखरं निवांत. कित्येकांनी तर उडणंच सोडून दिलं. पुढं माणसं होड्यांतून आली आणि त्यांच्याबरोबर उंदीरही आले. न उडणारी एक इवलीशी पाखराची जात मोठ्या भूमीवरून नाहीशी झाली आणि स्टीफन्स नावाच्या चिमुकल्या बेटावर तेवढी उरली. दिवसा दगडांच्या फटीत बसायचं आणि अंधार पडला की उंदरासारखं तुरुतुरु पळायचं, असा तिचा संसार.

१८९४ साली त्या बेटावर दीपगृह सुरू झालं, म्हणजे जहाजांना वाट दाखवणारा दिव्याचा मनोरा. दिवा सांभाळायला माणसं राहायला आली. माणसांबरोबर मांजर आली, आणि मांजरीनं काय केलं ते सांगायला नको. उंदरासारखी पळणारी वस्तू समोरून गेल्यावर ती काय उपास धरणार? मारलेली पाखरं ती घरी आणून टाकायची. लायल नावाच्या मदतनिसाला ती वेगळी वाटली, म्हणून त्यानं जपून ठेवली. त्यातली काही थेट लंडनला पोचली. तिथं या नव्या पाखराचं बारसं कोणी करायचं यावरून दोन विद्वानांत चुरस लागली. इकडं बारशाची घाई आणि तिकडं बेटावर तेराव्याची तयारी! वर्ष-दीड वर्षात ती जात जवळजवळ संपली.

पुढं गोष्ट अशी पसरली की एकट्या मांजरीनं अख्खी जात खाल्ली. हे काही खरं नाही. बेटावर मांजरं बरीच झाली होती, आणि नमुने विकायला माणसंही पाखरं गोळा करत होती. पण बदनाम झाली ती एकटीच. बाईमाणसाचं नशीब म्हणायचं! १८९५ साली तिथल्या एका वर्तमानपत्रानं मात्र शहाणपणाचं लिहिलं. दीपगृहावर जाणाऱ्यांना मांजर नेऊ देऊ नका, मग उंदरांचे सापळे सरकारी खर्चानं द्यावे लागले तरी चालतील, असा त्याचा सल्ला होता. सल्ला चांगला होता, फक्त पाखरू संपल्यावर आला. १९२५ सालापर्यंत बेटावरची सगळी मांजरं मारून टाकली. होडीतून मांजर आणणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही.

आता दुसरा खटला. यात मांजर निर्दोष आहे.

चीनमध्ये १९५८ साली सरकारनं चार वैरी जाहीर केले: उंदीर, माशी, डास आणि चिमणी. चिमणीवर आरोप होता दाणे खाण्याचा. हुरड्याच्या दिवसांत गोफण घेऊन माचावर उभं राहिलेल्या बायांना हा आरोप पटेलसुद्धा. पण आपण पाखरं हाकलतो आणि घरी येऊन भाकरी थापतो. तिथं शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे थाळ्या, डबे, ढोल घेऊन बाहेर पडले. चिमण्यांना कुठं टेकूच द्यायचं नाही, असा बेत होता. उडून उडून त्या दमून खाली पडायच्या. घरटी मोडली, अंडी फोडली.

चिमणी आपल्या पिल्लांना किडे भरवते, हे आपल्याकडं अंगणातल्या पोरीलाही माहीत असतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी चिमण्यांची पोटं तपासून तेच सांगितलं. १९६० साली यादीतून चिमणी काढली आणि तिच्या जागी ढेकूण आला. तोवर चिमण्या नव्हत्या आणि पिकावर कीड मोकाट होती. १९५९ ते १९६१ या दुष्काळात तिथं कोट्यवधी माणसं उपाशी मेली. त्याची मोठी कारणं सरकारी धोरणात होती. गावात दाणा नसताना पीक उदंड आल्याचे कागद वर जात होते आणि त्या कागदांच्या हिशोबानं धान्य उचललं जात होतं. पण किडीनंही त्यात भर घातली. इथं आम्हाला हसू येत नाही.

तिसरा खटला आपल्याच गोठ्यातला आहे. पूर्वी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की गिधाडं तासाभरात ते साफ करायची. रावणाशी झुंजलेल्या जटायूचं हे कूळ सुईपुढं मात्र हरलं. दुखण्यावर जनावरांना डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देत. त्यानंतर लवकरच जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. १९९० नंतरच्या दीड दशकात पांढऱ्या पाठीची गिधाडं आपल्या देशात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. गिधाडीण वर्षाला एकच अंडं घालते, मग तूट भरून निघणार कशी? मढी उरली, त्यावर भटकी कुत्री पोसली.

२००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झालं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या. म्हणून २०१५ साली ती बाटली फक्त ३ मिलीची केली. म्हशीसाठी किती फोडायच्या, हिशोब तुम्हीच करा!

मेलोक्झिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही. पुढच्या वेळी गाय लंगडली की इंजेक्शन भरण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा, "दादा, बाटलीवर नाव काय आहे?" जे उत्तर मिळेल ते गटाच्या वहीत लिहून आमच्याकडं पाठवा. पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.